दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहावीत, सेमी-इंग्रजी शाळेत आहे. शाळेत शब्दांची स्पर्धा आहे. फळ्यावर सहा-सात इंग्रजी अक्षरं देतात आणि ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त शब्द लिहायचे असतात. दुसऱ्या फेरीत ‘ही दोन-तीन अक्षरं ज्यात आहेत असे शब्द सांगा’ असा प्रकार असतो. सराव कसा घ्यायचा, आणि तिनं लिहिलेलं घरी तपासायचं कसं?

मी बरीच वर्षं स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्यांनी इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) खेळतो आणि मुलांना शिकवतोही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अक्षरांची नावं देवनागरीत दिली आहेत, तेव्हा कागद-पेन घेऊन इंग्रजी अक्षरं मांडत मांडत वाचा. नुसतं वाचून डोक्यात गोंधळ होईल.

तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे खेळ आहेत आणि मुलं नेमकी इथेच घोटाळा करतात. पहिल्या फेरीत दिलेल्या अक्षरांच्या बाहेर जायची परवानगी नाही. सगळी वापरा किंवा थोडी वापरा. दुसऱ्या फेरीत उलटं आहे: दिलेली अक्षरं आलीच पाहिजेत, बाकी हवी तेवढी घाला. पहिल्यात तुम्ही मोडता, दुसऱ्यात बांधता. दोन्हींचा सराव वेगवेगळ्या दिवशी घ्या.

पहिल्या फेरीपासून सुरुवात करू. समजा अक्षरं आली ए, ई, जी, आय, एन, आर, टी. सात वेगवेगळी अक्षरं ५०४० प्रकारे मांडता येतात. एवढे प्रकार कुणी करून बघत नाही, चांगला खेळाडू तर मुळीच नाही. तो आधी शेपूट शोधतो. इंग्रजी शब्दांची सुरुवात कशीही होते, पण शेवट ठरावीक असतात: आय-एन-जी, ई-आर, ई-डी, ए-टी-ई, आय-टी-ई, आय-ई-आर, टी-आय-ओ-एन, ए-जी-ई. आपल्या सात अक्षरांत आय-एन-जी आहे. ती तीन उचलून उजवीकडे ठेवा. राहिली ए, ई, आर, टी. चार अक्षरांच्या मांडण्या फक्त २४. त्यातली टी-ई-ए-आर डोळ्यांसमोर आली की ‘टेअरिंग’ मिळाला, सातही अक्षरांचा. आता शेपूट बदला. ए-टी-ई उजवीकडे ठेवलं तर जी, आय, एन, आर उरतात, त्यांचं आय-एन-जी-आर केलं की ‘इनग्रेट’, म्हणजे कृतघ्न माणूस. आय-टी-ई ठेवलं तर जी-आर-ए-एन उरतं आणि ‘ग्रॅनाइट’ समोर येतो. अक्षरं तीच, शेपटं तीन, शब्द तीन. मुलीला हा एकच नमुना हातानं करून दाखवा, पुठ्ठ्याचे चौकोन कापून. कागदावर लिहिलेली अक्षरं हलत नाहीत, आणि न हलणारी अक्षरं डोळा आहे त्याच क्रमानं वाचत राहतो. फळ्यावर ती ओळीत लिहिलेली असतील तर वहीत गोलात लिहून घ्यायला सांगा. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे पहिलं अक्षर डोक्यात बसत नाही.

अर्थात स्पर्धेत लांब शब्द एक-दोनच सापडतात. गुण जमतात ते तीन, चार, पाच अक्षरी शब्दांवर. तिथे पद्धत वेगळी. एक लहान तुकडा धरायचा आणि त्याच्या डाव्या बाजूला एकेक अक्षर लावून बघायचं. वरच्याच अक्षरांत ए-आय-एन धरा: जी लावला की गेन, आर लावला की रेन, टी-आर लावले की ट्रेन, जी-आर लावले की ग्रेन. ई-ए-आर धरा: जी, एन, टी लावून गिअर, निअर, टिअर. मग मिळालेला प्रत्येक शब्द उलटा वाचायचा: रॅट उलटा टार, टेन उलटा नेट, जी-एन-ए-टी म्हणजे चिलट, उलटा टँग. यात हुशारी लागत नाही, शिस्त लागते, आणि म्हणूनच मुलांना हे लवकर जमतं. अक्षरांत एस असेल तर तो बाजूला काढून ठेवा. अनेकवचनाचे शब्द सगळ्यात शेवटी, एका झटक्यात लिहायचे. आधी लिहीत बसलं तर ‘कॅट, कॅट्स, रॅट, रॅट्स’ करत वेळ जातो आणि नवा शब्द सुचत नाही.

या एसची एक गंमत आहे. स्क्रॅबल बनवणारा अल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला वास्तुविशारद, मंदीत नोकरी गेली म्हणून खेळ बनवायला बसला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्रांत मोजून काढलं आणि त्यावरून १०० सोंगट्या ठरवल्या: ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ. त्या हिशेबानं एस बरेच यायला हवे होते, पण त्यानं चारच ठेवले, नाहीतर सगळे शब्दांना एस चिकटवत बसले असते. दोन सोंगट्या कोऱ्या. क्यू, झेड, जे, एक्स आणि के एकेकच. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो या त्याच्या भागीदारानं खेळाला आजचं नाव दिलं. तारायंत्राच्या मॉर्स लिपीतही अशीच मोजणी आहे: छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांत (छपाईच्या ठशांत) ई १२,००० असतील तर झेड जेमतेम २००, म्हणून मॉर्समध्ये ई साठी फक्त एक टिंब. फळ्यावर ई, ए, आर, टी, एन, आय दिसली की भरपूर शब्द निघणार हे त्यावरून लगेच ओळखता येतं.

दुसऱ्या फेरीत मात्र नेहमीच्या अक्षरांकडे आधी बघायचंच नाही. ई असलेले शब्द कोण शोधणार? हजारो आहेत. जे अक्षर सर्वांत अवघड, त्याच्यापासून सुरुवात करायची, कारण त्याला बसायला जागा फार थोड्या असतात. उदाहरणार्थ क्यू आणि झेड असलेले शब्द. क्यूच्या मागोमाग बहुतेक वेळा यू येतोच, म्हणजे एक अक्षर फुकट मिळालं. मग क्यू-यू साधारण चार ठिकाणी बसतं: शब्दाच्या सुरुवातीला, एसच्या मागे, ईच्या मागे, किंवा शेवटी क्यू-यू-ई असं. पहिल्या जागी क्विझ आणि क्वार्ट्झ. एसच्या मागे स्क्वीझ. ईच्या मागे इक्वलाइझ. शेवटी बेझिक, हा पत्त्यांचा एक जुना डाव. चार जागा, प्रत्येकीत झेड कुठे घुसतो एवढंच बघायचं. पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसण्यापेक्षा हे बरं.

आता तीन अक्षरं घेऊ: पी, एच, एक्स. यात एच हा सर्वांत उपयोगी, कारण तो एकटा फारसा राहत नाही. सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच, डब्ल्यू-एच, जी-एच असा कुणाचा तरी हात धरून असतो. इथे पी हाताशी आहेच, म्हणून पी-एच जोडी करायची. सुरुवातीला लावली तर फीनिक्स, फॅरिंक्स म्हणजे घसा, फ्लॉक्स हे बागेतलं फूल. मधे लावली तर सॅक्सोफोन, झायलोफोन. ही जोडी संपली की मगच ती फोडायची: एच सुरुवातीला सुटा घेतला की हायपरटेक्स्ट, हेक्झॅपॉड म्हणजे सहा पायांचा किडा. बहुतेक मुलं पी-एच जोडीपाशीच थांबतात, आणि जिंकणारी मुलं पुढे जाऊन जोडी फोडतात.

व्ही आला तर शेवटी व्ही ठेवून बघण्यात वेळ घालवू नका. व्हीवर संपणारे शब्द अगदी मोजके. त्याच्या मागे ई लागतो. आय-व्ही-ई, ए-व्ही-ई, ओ-व्ही-ई हे तुकडे धरा. व्ही इतका हट्टी की कॉलिन्स यादीत, म्हणजे स्क्रॅबल स्पर्धांत ग्राह्य धरलेल्या शब्दांच्या यादीत, त्याचा दोन अक्षरी शब्द एकही नाही. एक्सला ई पुढे हवा असतो, म्हणून ई-एक्स ही जोडी आधी. सी आला तर सी-एच, सी-के, शेवटी आय-सी. केसाठी एन-के, एस-के, सी-के, के-ई.

कधी अट अशी असते की अक्षरं शेजारीशेजारी, दिलेल्या क्रमातच हवीत. डब्ल्यू-के-डब्ल्यू असलेला शब्द सांगा. किंवा टी-एच-क्यू-यू. किंवा टी-सी-एच-पी-एच-आर, सलग सहा व्यंजनं! अशा वेळी समजायचं की तिथे दोन शब्दांचा सांधा आहे. एकाच मूळ शब्दाच्या पोटात असा ढीग क्वचितच असतो. पहिला शब्द संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथेच तो तयार होतो. टी-एच-क्यू-यू चा सांधा टी-एच नंतर फोडा: टी-एच वर संपणारा काय, क्यू-यू ने सुरू होणारा काय? अर्थ आणि क्वेक. अर्थक्वेक, भूकंप. टी-सी-एच वर संपणारा कॅच, पी-एच-आर ने सुरू होणारा फ्रेज, झाला कॅचफ्रेज. डब्ल्यू-के-डब्ल्यू म्हणजे ऑकवर्ड, आणि त्यातही वर्ड हा शेवटचा भाग फॉरवर्ड, बॅकवर्डसारखा वेगळा दिसतोच.

आता आपल्या मुलांची खास अडचण, कारण यावर इंग्रजी पुस्तकांत काही सापडणार नाही. मराठीत उच्चार आणि लेखन बऱ्यापैकी हातात हात घालून चालतं, त्यामुळे आपण शब्द कानानं शोधतो. इंग्रजीत कान दगा देतो. हे एका सोप्या संचावर करून बघा: जी, एच, आय, के, एन, टी. आमच्याकडे येणारी मुलं किंग, थिंग, थिंक, हिंट, थिन, इंक, किट हे पटापट लिहितात. नाइट, म्हणजे रात्र, थोड्या वेळानं सापडतो. पण के लावून सहाही अक्षरांचा नाइट, म्हणजे सरदार, बुद्धिबळातला घोडा, बहुतेकांना दिसत नाही. कारण कानाला तो आधीच सापडलेला असतो! ‘नाइट लिहिला की मी,’ असं मुलगी म्हणेल. के-एन-आय-टी म्हणजे विणणे, तोही याच कारणानं सुटतो. म्हणून न वाजणाऱ्या जोड्यांची एक वेगळी पट्टी भिंतीवर लावा: के-एन, डब्ल्यू-आर, जी-एन, शेवटी एम-बी, आणि आय-जी-एच-टी. तसंच एका आवाजाची अनेक रूपं. ‘फ’ ऐकू आला तरी तो एफ असेलच असं नाही, पी-एच असेल, कफमधला जी-एच असेल. ‘श’ तर एस-एच मध्ये आहे, नेशनच्या टी-आय मध्ये आहे, स्पेशलच्या सी-आय मध्ये आहे, टिश्यूच्या दोन एस मध्ये आहे आणि मशीनच्या सी-एच मध्येही आहे. ही यादी पाठ करून घेऊ नका. रोजच्या वाचनात एखादा शब्द भेटला की त्या आवाजाखाली नोंदवायला सांगा, वही आपोआप भरते.

थोडी पुढची पायरी हवी असेल तर स्पर्धक खेळाडू ‘स्टेम’ शिकतात. सहा अक्षरांचा एक संच घ्यायचा, ज्यात सातवं कोणतंही अक्षर टाकलं तरी बहुधा शब्द बनतो. आर-ई-टी-आय-एन-ए, म्हणजे डोळ्यातला रेटिना, हा असा संच. त्यात सी टाका, सर्टन. डी टाका, ट्रेन्ड. एफ टाका, फेंटर. जी, आपला ग्रॅनाइट. एच, हेअरनेट. आणखी एक आय टाकला तर इनर्शिया, के टाकला तर केराटिन, एम टाकला तर मिनरेट, पी टाकला तर पेंटर, आणखी एक आर टाकला तर टेरेन, यू टाकला तर टॉरिन. एस टाकला की तर झुंबड: रिटेन्स, नॅस्टियर, स्टेनर, स्टिअरिन वगैरे. हे सगळं सहावीच्या मुलीला लागत नाही. पण सर्टन आणि पेंटर यांच्यात सहा अक्षरं सारखीच आहेत हे तिला एकदा मांडून दाखवा. अक्षरांकडे बघण्याची नजर त्यानं बदलते.

आता तपासण्याचा भाग. फोनवर ‘वर्ड फाइंडर’ म्हणून शोधलंत तर डझनभर साइट मिळतात, त्यांचं आतलं काम मात्र अगदी साधं आहे. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावून ठेवायची. ग्रॅनाइटची लावली तर ए-ई-जी-आय-एन-आर-टी. टेअरिंगची लावा, तेच. इनग्रेटची लावा, तेच. म्हणजे या तिन्ही शब्दांची किल्ली एक. तुम्ही दिलेली अक्षरं तशीच लावली आणि त्या किल्लीचा कप्पा उघडला की सगळे शब्द एकदम बाहेर. ५०४० मांडण्या संगणकही करत बसत नाही. ही युक्ती माणसालाही उपयोगी आहे: मुलीच्या वहीत लांब शब्दांची यादी ठेवायची तर शब्दासमोर त्याची वर्णक्रमानं लावलेली अक्षरं लिहायला सांगा, आणि परीक्षा घेताना फक्त तीच अक्षरं वाचून दाखवा.

दुसऱ्या फेरीसाठी, म्हणजे ‘ही अक्षरं असलेले’ यासाठी, एक्सेल पुरतं. शब्दांची यादी पहिल्या रकान्यात भरा आणि फिल्टरमध्ये ‘कंटेन्स’ निवडा. तिथे दोनच अटी घालता येतात. तिसरं अक्षर असेल तर शेजारच्या रकान्यात सर्च हे फंक्शन लावून ते अक्षर सापडतं का बघा आणि त्या रकान्यावर फिल्टर लावा. एक खोच लक्षात ठेवा: ‘दोन ई असलेले’ अशी अट असेल तर सर्च उपयोगाचं नाही, एक ई सापडला की ते खूश होतं. तिथे सब्स्टिट्यूटनं सगळे ई काढून टाकायचे आणि आधीच्या लांबीतून नंतरची लांबी वजा करायची. उत्तर दोन किंवा जास्त आलं तर शब्द बसला. कुणाकडे मॅक असेल तर त्यात शब्दांची एक फाइल आधीपासूनच असते, सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची. पण ती १९३४ च्या वेब्स्टर कोशावरून घेतलेली आहे. त्यात बहुतेक अनेकवचनं नाहीत आणि अलीकडचे शब्दही नाहीत, त्यामुळे मुलीचा बरोबर शब्द ती चूक ठरवू शकते. जागा ठरलेल्या असतील तर वनलुक ही साइट वापरा. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि तारांकन म्हणजे कितीही अक्षरं.

कोणता कोश ग्राह्य, हे मात्र शाळेत आधीच विचारून घ्या, कारण खरी भांडणं तिथेच होतात. भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर चालतात, तीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. अमेरिकेची यादी त्याहून बरीच लहान, १ लाख ९० हजारांच्या आसपास. ‘ओके’ हा शब्द आपण दिवसात शंभरदा बोलतो, पण कॉलिन्सच्या यादीत तो २०१९ मध्ये आला. दुसऱ्या बाजूला जोवार, बाजरा, लाख, धोती, घाट हे शब्द त्यात कधीपासून आहेत. जे हे अक्षर आलं आणि जोवार सुचली तर ती लिहावी, पण शाळेच्या बाईंनी साधा शालेय कोश धरला असेल तर तो शब्द बाद होईल. त्यासाठी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शब्दांचे अर्थ पाठ करायला हवेत का, असं पालक हमखास विचारतात. खेळापुरतं बोलायचं तर नकोत. नायजेल रिचर्ड्स हा न्यूझीलंडचा खेळाडू २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. काही आठवड्यांत त्यानं फ्रेंच शब्दयादी डोक्यात भरली होती. २०२४ मध्ये त्यानं स्पॅनिशमध्येही तेच केलं. पण तो रिचर्ड्स आहे. सहावीच्या मुलीला अर्थ नसलेली अक्षरं चार दिवसांत विसरायला होतात, आणि शाळेच्या स्पर्धेत ‘हा शब्द कशाला?’ असं विचारलं की उत्तर द्यावं लागतं. माझं मत असं: तीन-चार अक्षरी शब्द अर्थासकट, आणि लांब शब्द वाचनातून येतील तेवढेच.

सरावाला रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. एका दिवशी सात अक्षरांचा संच द्या, घड्याळ लावा, आणि वेळ संपल्यावर तुम्ही दोघींनी मिळून साइटवर राहिलेले शब्द बघा. राहिलेल्यांतले तीन-चारच वहीत उतरवायचे, सगळे नाही. दुसऱ्या दिवशी दोन अवघड अक्षरं द्या आणि शब्दापेक्षा आधी जागा लिहायला सांगा: हे अक्षर कुठे कुठे बसू शकतं? संच बनवायला वेगळं काही लागत नाही; रस्त्यावरच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, औषधाचं खोकं, कुठलाही सात-आठ अक्षरी इंग्रजी शब्द घ्या आणि अक्षरं विस्कटून द्या. स्पर्धेला आठवडा उरला की नवे शब्द बंद करा आणि फक्त घड्याळ लावून फळ्यासारख्या ओळीत लिहिलेले संच द्या, म्हणजे वहीत गोलात उतरवून घ्यायची सवय हाताला लागते.